चाडी आणि साक्ष

चोरी करू नये हे आपल्याकडे मुलाला नंतर शिकवतात, चाडी सांगू नये हे आधी. शाळेच्या बाकावर, क्रिकेटच्या मैदानावर, देवळाच्या प्राकारात एकदा का 'चाडीखोर' हे बिरुद चिकटले की ते दहावी होईपर्यंत निघत नाही. परीक्षेत कॉपी करणाऱ्याला मित्र असतात, मारामारी करणाऱ्याला मित्र असतात, बापाच्या खिशातून पैसे उचलणाऱ्यालाही असतात. चाडीखोराच्या बाजूला मात्र कोणी बसत नाही.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील शाळांत कधीमधी बोलायला जाण्याचा योग येतो. नववी-दहावीच्या मुलांना मी एक प्रश्न हमखास विचारतो. तुमच्या जिवलग मित्राने कोणाला तरी गंभीर इजा केली आणि ते फक्त तुम्हालाच ठाऊक आहे, तर तुम्ही सांगाल का? उत्तर बहुधा ठरलेलेच असते. मागच्या बाकांवरून हसू येते, मग कोणीतरी म्हणतो, "सर, दोस्त तो दोस्त!" पुढच्या बाकांवरची मुले गप्प बसतात. मला चिंता हसणाऱ्यांची नाही, या गप्प बसणाऱ्यांची वाटते. कारण त्यांना प्रश्न कळलेला असतो आणि त्याचे उत्तर आपल्याला कोणीही शिकवलेले नाही हेही कळलेले असते.

माझे म्हणणे एवढेच आहे. चाडी ही एक गोष्ट आणि साक्ष ही दुसरी. आपल्या समाजाने या दोहोंची गल्लत केली आहे आणि ही गल्लत भाबडेपणाने झालेली नाही. ती मोठ्यांच्या सोयीची आहे. तिची किंमत मोजतो तो ज्याला इजा झाली तो माणूस, आणि त्याच्या खालोखाल ते पंधरा-सोळा वर्षांचे पोर, ज्याला सत्य ठाऊक आहे.

चाडीखोराविषयीची आपली चीड उगाच आलेली नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. गोमंतकाच्या रक्तातच ती आहे. इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० साली जुन्या गोव्यात बसले आणि मधली चार वर्षे वगळता १८१२ पर्यंत ते चालले. त्या यंत्रणेचे इंधन काय होते? शेजाऱ्याने शेजाऱ्याविरुद्ध केलेली फिर्याद! बाटलेल्या घरात कोणी तुळस जपतो का, कोणी जुन्या रितीने सण पाळतो का, हे कळवणे धर्मकर्तव्य ठरवले गेले होते. आरोप कोणी केला हे आरोपीला सांगितले जात नसे. अशा राज्यात तोंड मिटून राहणे हीच माणुसकी होती. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्वे गावात आश्रय मिळाला, ज्या देवळाचा जीर्णोद्धार पुढे १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी केला. देवांची अशी स्थलांतरे तोंड मिटून ठेवणाऱ्या माणसांशिवाय होत नसतात.

डिचोली आणि पेडणे हे नव्या काबिजादीतले महाल. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज अमलाखाली गेले, त्यामुळे इन्क्विझिशनची झळ आमच्या बाजूला तेवढी बसली नाही. पण पाखल्याच्या राज्यातला खबऱ्या आम्हीही पाहिला. मुक्तिलढ्याच्या दिवसांत पेडण्याच्या सीमेवरच्या गावांत कोण कोणाकडे जेवला, कोणाच्या माडीवर पत्रके लपवली, हे पोलिसांना कळवणारी माणसे होती. आणि न कळवणारीही होती. अस्नोड्याचे बाळा राया मापारी फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलीस कोठडीतल्या छळाने मरण पावले. त्यांना मुक्तिलढ्याचे पहिले हुतात्मा मानतात. मार खाऊनही त्यांनी सहकाऱ्यांची नावे उघड केली नाहीत, हीच त्यांची आठवण गोमंतकाने जपली आहे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या मातीत हे घडले, तिथे खबऱ्याला मान मिळणार नाही, मिळूही नये.

पण ते मौन कोणासाठी होते? कोणापासून कोणाला वाचवण्यासाठी होते? मापारींचे मौन हातात दंडुका असलेल्या सत्तेसमोर होते आणि ते दुर्बळांना झाकत होते. त्याची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने चुकवली. मौनाची किंमत मौन पाळणाऱ्यानेच मोजली तर त्याला निष्ठा म्हणायचे. ती जर तिसऱ्याच कोणा निरपराध माणसाने मोजली, तर तिला निष्ठा म्हणता येत नाही. दुसरे नाव मला सुचते, पण ते मुलांच्या बाबतीत वापरायला जीभ वळत नाही.

लोकमान्यांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. वर्गात टरफले पडलेली असतात, मास्तर सर्वांना ती उचलायला सांगतात, छोटा टिळक म्हणतो, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही. शेंगा कोणी खाल्ल्या हे मात्र तो सांगत नाही. या गोष्टीच्या आधारावर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी 'नाव सांगायचे नाही' हा धडा गिरवला. पण गोष्ट नीट पाहा. इजा कोणालाच झालेली नाही, पडली आहेत ती टरफले! शिक्षा होणार ती नाव न सांगणाऱ्यालाच. आणि तो मागच्या बाकावर लपून गप्प बसत नाही, मास्तरांसमोर उभा राहून बोलतो. टरफलांच्या जागी एखाद्या मुलाचा मोडलेला हात ठेवला, तर ही गोष्ट तशीच राहील काय? आपण मात्र टरफलांचा नियम माणसांना लावून बसलो आहोत.

हे हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग डोळ्यांसमोर आणू. तो कल्पनेतला आहे, पण त्यातले काहीच आपल्याला अनोळखी वाटणार नाही. दोन मित्र, दोघेही सोळा वर्षांचे. एकाने वडिलांची स्कूटर काढली आहे, दुसरा मागे बसला आहे. पेडण्याकडून घराकडे येताना, दिवेलागणीच्या वेळी, रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या एका म्हाताऱ्याला स्कूटरची धडक बसते. म्हातारा पडतो. पोरे घाबरतात, पळतात. दुसऱ्या दिवशी कळते की म्हाताऱ्याच्या कंबरेचे हाड मोडले आहे, त्याला बांबोळीला गोमेकॉत नेले आहे, गाडी कोणाची ते कोणालाही ठाऊक नाही. चालवणारा मागे बसलेल्याला म्हणतो, "कोणाक सांगू नाका हां!" आणि मागे बसलेल्या पोराची झोप उडते.

त्याने काय करावे? आपल्याकडची सरधोपट उत्तरे दोन. पहिले, मित्राला दगा देऊ नये. दुसरे, आमकां कित्याक जाय? दोन्ही उत्तरांत तो म्हातारा कुठेच नाही.

म्हणून त्याचा हिशेब मांडू, अगदी रुपयांत. धडक देणारे वाहन सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेप्रमाणे गंभीर जखमीला भरपाई मिळते ५० हजार रुपये आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख. वाहन सापडले, तर प्रकरण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जाते. तिथे औषधोपचाराचा खर्च, बुडालेली कमाई, कायमचे आलेले अपंगत्व, सगळ्याचा विचार होतो. तृतीय पक्षाचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहेच. चालवणाऱ्याकडे परवाना नसला तरी विमा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग ते वाहनमालकाकडून वसूल करावेत, असे आदेश न्यायालये वेळोवेळी देत आली आहेत. म्हणजे त्या पोराच्या मौनाने वाचतो कोण? मित्राच्या बापाचा खिसा! आणि त्याचे पैसे भरतो कोण? कंबर मोडून पडलेला म्हातारा.

एवढ्यावरच हे संपत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जे कलम १९९-अ घातले गेले, त्याप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. कायदा चावी देणाऱ्याच्या मागे लागतो. तेव्हा आपल्या गावांत अशा प्रकरणांत जे 'मिटवामिटवी'चे प्रयत्न होतात, ते पोराच्या भवितव्याच्या काळजीने होतात असे मला कोणी सांगू नये. त्यात पोराची काळजी थोडी असते, चावीची बरीच असते.

ही केवळ पेडण्याच्या पोरांची गोष्ट आहे असे नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरात काय झाले ते सर्वांनी वाचले. सतरा वर्षांचा मुलगा बापाची भरधाव पोर्श गाडी चालवत होता, मोटारसायकलवरचे दोन तरुण संगणक अभियंते जागीच गेले. अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्याच दिवशी जामीन मिळाला आणि देशभर संताप उसळला. मला मात्र त्यानंतरचे अधिक भयानक वाटले. घरच्या ड्रायव्हरने गुन्हा स्वतःवर घ्यावा म्हणून त्याला डांबून दबाव आणला, मुलाच्या रक्ताचा नमुना ससून इस्पितळात बदलला, सोबत गाडीत असलेल्या दोन अल्पवयीन मित्रांचेही नमुने बदलले, असे आरोप पोलिसांनी ठेवले. त्यात आई-बाप, आजोबा, डॉक्टर अशा प्रतिष्ठितांना अटका झाल्या. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण क्षणभर त्या गाडीतल्या मित्रांच्या जागी उभे राहून पाहा. समोर दोन देह पडले आहेत, आणि आसपासच्या मोठ्या माणसांवर आरोप आहे तो पुरावा पुसल्याचा. अशा घरात वाढणाऱ्या पोराने सत्य सांगावे ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

इथेच माझा खरा रोख आहे. पोरांना दोष देणे सोपे आहे. 'आजच्या पिढीला मूल्ये नाहीत' हे पालुपद आळवणे त्याहून सोपे. पण ही पोरे मौन शिकली कोणाकडून? डिचोलीतल्या पोरांनी ते घराच्या ओटीवर बसून पाहिले. खनिजाचे ट्रक दारासमोरून जात होते, शेतात लाल गाळ साचत होता, विहिरी आटत होत्या, कोण किती उकरतो हे गावाला ठाऊक होते. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल २०१२ च्या सप्टेंबरात आला, सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा कुठे सर्वांना वाचा फुटली. त्याआधी जे बोलत होते त्यांना काय म्हटले जायचे? 'लोकांच्या पोटावर पाय देणारे'! खाणींवर हजारो घरांची चूल अवलंबून होती हे खोटे नाही, त्यांचे दुःखही खोटे नाही. पण बोलणारा तो घातकी आणि गप्प बसणारा तो आपला, हा धडा त्या वर्षांत एका संपूर्ण पिढीने गिरवला.

त्याहून काळाकुट्ट धडा मडगावचा. अनाथ मुलांचा आधार म्हणून मिरवणारा फ्रेडी पीट १९९१ साली पकडला गेला, मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. आश्रयदाता म्हणून समाजात वावरणाऱ्या माणसाकडे बोट दाखवायला किती वर्षे लागली! त्यानंतर गोव्याने २००३ मध्ये स्वतःचा बाल कायदा केला, मुलांसाठी वेगळे न्यायालय उभारले. कायदा झाला. पण मूल सांगायला आले तर त्याचे ऐकून घेणारा माणूस कायद्याने तयार होत नाही.

शाळांचीही तीच गत. भिंतीवर 'सत्यमेव जयते' रंगवलेले असते, प्रार्थनेत सत्याची महती असते. आणि एखाद्या मुलाने खरेच येऊन सांगितले, तर पहिला प्रश्न असतो, "आणखी कोणाला सांगितलेस?" पुढचा असतो, "शाळेचे नाव जाईल, कळते का?" संध्याकाळपर्यंत सांगणाऱ्याचे नाव वर्गभर झालेले असते. दुसऱ्या दिवशी बाकावर तो एकटा असतो. हे एका-दोन शाळांबद्दल म्हणत नाही, ही आपली सार्वत्रिक रीतच आहे. पोरे मूर्ख नाहीत. सांगणाऱ्याचे काय होते ते ती पाहतात आणि शहाणी होतात.

आता मैत्रीकडे वळतो, कारण पोरांचा खरा पेच तिथे आहे. आमच्या पेडण्यात दशावताराचे वेड मोठे. जत्रेच्या रात्री कौरव-पांडवांचे आख्यान लागले की दुर्योधन आणि कर्णाच्या मैत्रीच्या प्रवेशाला टाळ्या पडायच्याच. कर्ण आपल्याला आवडतो, मलाही आवडतो. मित्रासाठी सर्वस्व देणारा असा दुसरा कोण? पण त्याच महाभारतात एक विकर्णही आहे, ज्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. भरसभेत द्रौपदीची विटंबना चालली असता भीष्म-द्रोण खाली माना घालून बसले होते. तेव्हा हा दुर्योधनाचाच धाकटा भाऊ उठला आणि हे अधर्माचे आहे असे म्हणाला. त्याला गप्प कोणी केले? कर्णाने! तू पोर आहेस, थोरांच्या सभेत तुला काय कळते, अशा अर्थाने त्याने विकर्णाला झिडकारले. विकर्णाने पक्ष सोडला नाही. पुढे तो कौरवांकडूनच लढला आणि भीमाच्या हातून पडला, तेव्हा त्याला मारताना भीमालाही वाईट वाटले.

विकर्णाने चाडी केली काय? त्याने भावाला टाकले काय? मुळीच नाही. तो भावाचाच राहिला आणि भावाच्या पापाचा झाला नाही. उलट कर्णाने मित्राची प्रत्येक गोष्ट उचलून धरली आणि त्या मित्राला कुरुक्षेत्रापर्यंत नेऊन पोचवले. दुर्योधनाला एकच मित्र होता आणि त्याने एकदाही 'पुरे' म्हटले नाही. आपल्या पोरांना आपण कर्ण व्हायला शिकवतो. विकर्णाचा पाठ कोण देणार?

यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की पोरांना सांगायला शिकवले, तर समाज खबऱ्यांचा होईल. हे भय खोटे नाही. सोव्हिएत रशियात पावलिक मोरोझोव्ह नावाच्या मुलाला राष्ट्रवीर केले गेले होते. त्याने आपल्या बापाविरुद्ध सरकारला सांगितले आणि १९३२ साली त्याचा खून झाला, अशी कथा. तिच्या खरेपणाबद्दल इतिहासकारांना शंका आहेत. पण त्याचे पुतळे मात्र उभे राहिले आणि मुलांना सांगितले गेले की असे व्हा. तसली मुले मला नकोत. पोराने मित्राच्या दप्तरात डोकावून मास्तरांना बातमी द्यावी, कोण तासाला दांडी मारून नदीवर गेला, कोणाचे कोणावर मन बसले, हे सांगत सुटावे, ही चाडीच. ती हलकीच राहू द्या.

मग फरक कसा ओळखायचा? मी पोरांना तीन प्रश्न देतो. माझ्या गप्प राहण्याने तिसऱ्या कोणाचे नुकसान होत आहे का, किंवा होणार आहे का? सांगण्यात माझा फायदा आहे, की मला काही गमवावे लागणार आहे? आणि जे मी सांगणार आहे ते मित्राच्या तोंडावर सांगायची माझी तयारी आहे का? चाडी पाठीमागे होते, स्वतःच्या लाभासाठी होते, आणि तिच्यात बहुधा कोणी जखमी नसतो. साक्षीत कोणीतरी जखमी असतो, आणि देणाऱ्याला ती महाग पडते. इन्क्विझिशनचा फिर्यादी आरोपीच्या तोंडासमोर येत नव्हता, हे लक्षात ठेवा. साक्षीदार समोर येतो.

दुसरा आक्षेप असा की एका चुकीपायी मित्राचे आयुष्य बरबाद होईल. हा सर्वांत परिणामकारक, कारण तो प्रेमाच्या वेषात येतो. पण बालन्याय कायदा २०१५ काय म्हणतो ते पोरांना कोणी समजावून सांगितले आहे? अठराच्या आतल्या मुलाचे प्रकरण बालन्याय मंडळाकडे जाते. त्याचे नाव छापता येत नाही. समज देणे, समुपदेशन, समाजसेवा इथून सुरुवात होते. सोळा वर्षांवरील मुलाला प्रौढाप्रमाणे वागवण्याचा प्रश्न जघन्य गुन्ह्यांतच येतो, आणि निष्काळजीपणे गाडी चालवून इजा करणे त्यात बसत नाही. मुलाला नव्याने सुरुवात करू देणे हे तर या कायद्याने तत्त्व म्हणूनच मान्य केले आहे आणि जुन्या गुन्ह्याचा ठपका पुढे आयुष्यभर त्याच्या आड येऊ नये अशी तरतूदही आहे. तेव्हा बरबाद कशाने होईल? सोळाव्या वर्षी माणूस पाडून पळालो आणि काही झाले नाही, हे ज्ञान घेऊन जो मुलगा पंचविशीत जातो, त्याच्या हाती पुढे स्कूटर नसते, मोटार असते.

आणि मागे बसलेला? त्याचे आयुष्य नाही काय? त्याने त्या म्हाताऱ्याच्या घरावरून रोज शाळेला जायचे, अंगणात काठी टेकत चालणारा माणूस पाहायचा आणि मान वळवायची. हे ओझे सोळा वर्षांच्या खांद्यावर ठेवून आपण त्याला 'मैत्री' म्हणतो!

मग त्याने करावे काय? आधी मित्राकडे जावे, एकट्याने. त्याला सांगावे, "तू स्वतः सांग. मी तुझ्याबरोबर येतो, मागे मी बसलो होतो हेही सांगतो. पण उद्या संध्याकाळपर्यंत तू सांगितले नाहीस तर मी सांगणार, आणि हे मी तुला आधीच सांगून ठेवतो." एवढे बोलायला छाती लागते. यात दगा कुठे आहे? अपघात करणाऱ्या चालकाने जखमीला मदत मिळवून द्यावी आणि चोवीस तासांत पोलिसांना कळवावे असे कायद्यातच आहे. म्हणजे मित्र त्याला कायद्याने सांगितलेल्या कर्तव्यापाशीच आणून सोडतो आहे.

काही ठिकाणी मात्र मुदत देण्याइतका वेळ नसतो. माणूस रस्त्यावर पडलेला असताना मैत्रीची चर्चा करायची नसते, १०८ ला फोन करायचा असतो. कोणी जीव द्यायच्या गोष्टी करीत असेल, कोणा मुलामुलीचे शोषण होत असेल, तर गुपित पाळण्याचे वचन दिले असले तरी ते मोडावे, त्याच क्षणी मोडावे. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक याचसाठी आहे. लैंगिक अपराधांपासून मुलांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा इथे फार शहाणपणाने बोलतो. असा गुन्हा कळवण्याचे कर्तव्य तो प्रत्येकावर टाकतो, अगदी मुलावरही. न कळवणाऱ्या मोठ्या माणसाला शिक्षा सांगतो, मुलाला मात्र त्या शिक्षेतून वगळतो. मुलाने सांगावे ही अपेक्षा आहे, पण मूल गप्प राहिले तर दंड त्याला नाही. कायद्याला जे कळले ते आपल्याला का कळू नये? पोराच्या मौनाचा हिशेब मोठ्यांकडेच मागायचा असतो.

म्हणून आई-बाबांना सांगणे आहे. तुमचा मुलगा एखाद्या रात्री जेवला नाही, विचारल्यावर "काही नाही" म्हणाला, आणि मग हळूच "बाबा, एक सांगू?" असे म्हणाला, तर पुढचे एक वाक्य तुमच्या हातात आहे. "आपल्याला काय करायचे आहे त्यात?" असे म्हणालात, तर तो पुन्हा कधी येणार नाही, स्वतःवर बेतले तरी येणार नाही. "चल, मी येतो तुझ्याबरोबर," असे म्हणालात, तर तुम्ही त्याला जे दिलेत ते शिकवणीच्या वर्गांत मिळत नाही. शिक्षकांनाही एवढेच सांगणे की सांगायला आलेल्या मुलाचे नाव तुमच्या टेबलापुढे जाता कामा नये. शाळेचे नाव त्यानंतर.

आणि त्या मागे बसलेल्या पोराला. बाबा रे, तुला चाडीखोर म्हणतील. दोन-चार महिने म्हणतील, कदाचित वर्षभर म्हणतील. मित्रही कदाचित जाईल, तो जाणारच नाही असे खोटे आश्वासन मी तुला देणार नाही. पण ज्या मातीत मार खाऊनही नाव न सांगणारे झाले, त्याच मातीतला तू आहेस. त्यांनी दुबळ्यासाठी तोंड मिटले. तू दुबळ्यासाठी तोंड उघड. गोष्ट एकच आहे.